झाकणावरचं कुंकू

१८ जुलै, गुरुवार. जळगाव

पाचव्या घाण्याला चीजच्या काड्या जमल्या. चार घाणे अमृतने खाल्ले, तेही एकेका काडीकडे संशयाने बघत. "ही कशाबरोबर खायची?" म्हणाला. कशाबरोबरही नाही, म्हटलं, हातात धरायची आणि खायची. "मग जेवायचं काय?" चाळीस वर्षं या माणसाबरोबर काढली आहेत.

चूक चीजची होती. सगळं वरून भुरभुरलं की जळतं, सगळं आत मळलं की चवीला सापडत नाही. निम्मं आत, निम्मं वर. यीस्टला कोमट पाणी, गरम नाही. काडी करंगळीएवढी जाड, वीतभर लांब, दोन पीळ देऊन. ओवा माझा. भुसावळच्या कॉन्व्हेंटात सिस्टर अ‍ॅग्नेस ब्रेडस्टिक शिकवायच्या तेव्हा ओवा घातला असता तर त्यांनी मला वर्गाबाहेर काढलं असतं. त्यांनी शिकवलेल्या दोनच गोष्टी मला येतात, ब्रेडस्टिक आणि इंग्रजी स्पेलिंग. विमा कंपनीत पैकी एकच कामाला आली.

ओव्हन लेकीने, हेमांगीने दिला, मी निवृत्त झाले तेव्हा. दोन वर्षं त्यावर वर्तमानपत्रं साठत होती.

डिंपलचा धुळ्याहून फोन आला. शाळेपासूनची मैत्रीण, आता आजी. नातीचा वाढदिवस बारा ऑगस्टला, सोमवारी. तिला शंभर काड्या हव्या आहेत. "बाजारच्या नकोत गं, तुझ्याच हव्यात." आयुष्यात कुणी माझ्याकडे शंभर नग काही मागितलं नव्हतं. ऑफिसात लोक मागायचे ते मी नाकारायची.

२७ जुलै, शनिवार

बारा तारीख म्हणजे आमच्या देवीच्या, कानबाईच्या विसर्जनाचा दिवस, हे आज कॅलेंडर पाहून कळलं. म्हणजे सासरी, धुळ्यातच असणार आहोत. बरंच झालं. पुतण्याच्या बायकोकडे, सारिकाकडेही ओव्हन आहे, काड्या तिथेच भाजता येतील.

हेमांगीला फोन केला. या वर्षी कानबाईला येऊ नकोस, म्हणून सांगितलं. ती म्हणाली, "का गं आई?" मी म्हटलं, तुला दरवर्षी वेगळं बसवतात ते मला बघवत नाही. ती म्हणाली, "बरं, तू म्हणतेस तर."

इथे लिहून ठेवते, म्हणजे राग कशाचा आहे ते पुढे मलाच विसरायला नको. आमच्या घरी कानबाईच्या रोटांसाठी भाऊबंदांतल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ गहू मोजतात. नावं घेऊन. आजोबांपासून पाळण्यातल्या बाळापर्यंत. ते दळून त्याचे रोट, म्हणजे पुरणाच्या पोळ्या, आणि पुऱ्या होतात, त्या फक्त घरच्यांनी खायच्या, आणि उरलेलं पीठ पौर्णिमेच्या आत घरच्यांनीच संपवायचं. बाहेरच्याला कण द्यायचा नाही. लग्न झालेली मुलगी बाहेरची. माझी हेमांगी पंचवीस वर्षं त्या घरात रोट खात होती, आणि जामनेरला दिल्यावर पहिल्याच श्रावणात मोठ्या जाऊबाईंनी, म्हणजे प्रमिलाअक्कांनी, तिला हाताला धरून आतल्या खोलीत नेलं. मी बाहेरच्या पंक्तीत बसले होते.

सहा वर्षं झाली. मी एक शब्द बोललेली नाही. ऑफिसात मी कुणाचं काही ठेवून घ्यायची नाही, आणि इथे मूग गिळून.

११ ऑगस्ट, रविवार. धुळे

देवपुरातलं अक्कांचं घर माणसांनी भरलं आहे. मधल्या खोलीत चौरंगावर कानबाई, नारळाला डोळे, नथ, हिरवी साडी. चार घरची माणसं. अक्कांचा गुडघा धरला आहे, त्या भिंतीला पाय पसरून बसल्या होत्या आणि तिथूनच सगळं चालवत होत्या.

मला बघताच म्हणाल्या, "हेमांगी काब नही ऊनी?"

"तिला बरं नाही," मी म्हटलं. खोटं.

"काय झायं पोरले?"

"काही नाही. कणकण."

त्यांनी माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं, मग सारिकाला म्हणाल्या, "मंग ते राहू दे." काय राहू दे ते मी विचारलं नाही. पंक्तीतल्या एका ताटाचं काहीतरी असेल.

सारिका ही अक्कांची सून, भूपेंद्रची बायको. पिंपळनेरची. दिवसभर चुलीपाशी होती, घामाने केस कपाळाला चिकटलेले, तरी मला म्हणाली, "काकू, उद्या मला ते पीळ द्यायला शिकवा. मला फक्त चकलीचे वेढे येतात." हिला मी पहिल्यापासून मानते. तिची आई कुंदाबाईही आल्या आहेत, देवीचं दर्शन घ्यायला. कोपऱ्यात अंग चोरून बसल्या होत्या. त्यांच्या पानात पुरणपोळी पडली ती आमच्या रोटाच्या पिठाची नव्हे, वेगळ्या पिठाची, हे मी मुद्दाम पाहिलं. त्यांना त्याचं काही वाटलेलं दिसलं नाही. लोकांना सवय होते.

१२ ऑगस्ट, सोमवार. धुळे

शंभर काड्या पोहोचल्या. डिंपलच्या घरी बशी फिरली आणि परत आली ती रिकामी. एका बाईंनी विचारलं, कुठल्या बेकरीच्या? डिंपल माझ्याकडे बोट दाखवून हसली. बासष्टाव्या वर्षी कुणी आपल्याकडे असं बोट दाखवलं की बरं वाटतं.

सकाळी मात्र धांदल झाली. सगळे, अक्काही रिक्षातून, कानबाईला घेऊन वाजतगाजत पांझरेवर गेले, मी काड्यांसाठी घरी थांबले. मैद्याची पिशवी उघडली तर निम्म्या मैद्याला जाळी धरलेली. पावसाळ्यात असं होतं. चांगला तेवढा चाळून घेतला, बाकी स्वयंपाकघरात होतं ते कणकेचं पीठ मिसळलं, चारेक वाट्या. मिरवणुकीने रस्ता अडलेला, दुकानात जाणार कसं. कणकेने काड्या उलट जास्त खुसखुशीत झाल्या.

सारिका दुपारी नदीवरून आली आणि माझ्याबरोबर लाटायला बसली. हात चांगला आहे तिचा. पीळ पहिल्याच फटक्यात जमले. पण गप्प गप्प होती. दमली असेल.

कुंदाबाई चारच्या एसटीने निघाल्या, त्यांच्या हातात मी बारा काड्यांची पुडी ठेवली. रिकाम्या हाताने कसं पाठवायचं.

अंगठ्याला लाल डाग पडला आहे, साबणाने जात नाही. पूजेच्या घरात कशालाही हात लावा, रंग लागतोच.

१३ ऑगस्ट, मंगळवार. जळगाव

घरी आलो. अमृत बियाण्याच्या कामाला जामनेरला चालला होता, त्याच्याबरोबर हेमांगीसाठी काड्यांचा डबा पाठवला. डब्यावर तिचं नाव लिहिलं. अमृत म्हणाला, "एवढी काय घाई, पुढच्या आठवड्यात ती येतेय ना." मी म्हटलं, आजच ने.

१५ ऑगस्ट, गुरुवार

भूपेंद्रचा फोन. आवाज दबलेला, बाहेर अंगणात येऊन बोलत असावा.

"काकू, तुम्ही निघताना रोटाच्या डब्यात किती पीठ होतं, काही बघितलं होतं का?"

"मी कशाला बघू तुमचा डबा?"

"तसं नाही हो. आईने आज पुऱ्या करायला काढलं तर चार वाट्या कमी. तिने मोजून ठेवलेलं असतं. आता ती म्हणते, सारिकानं तिच्या आईला बांधून दिलं. म्हणे सोमवारी दारात हिचा हात मायच्या पिशवीत होता, मी माझ्या डोळ्यानं पाहिला."

"सारिका काय म्हणते?"

"काहीच म्हणत नाही. तेच तर आहे ना. नाही दिलं, एवढं एकदा म्हणाली. पिशवीत हात का घातला ते सांगत नाही. आई म्हणे, आजपासून त्या डब्याला हात लावू नको."

मी म्हटलं, मूठभर पिठासाठी हे काय चालवलंय तुम्ही लोकांनी. चांगली पाच मिनिटं त्याला सुनावलं. अंधश्रद्धा, गरीब बाईवर संशय, शिकलेल्या घरात शोभतं का. तो बिचारा "हो काकू, हो काकू" करत राहिला.

फोन ठेवल्यावर मी ओटा दोनदा पुसून काढला. रागाने.

१६ ऑगस्ट, शुक्रवार

रागाने नव्हे.

सोमवारची नोंद आज पुन्हा वाचली. चौतीस वर्षं मी दावे तपासायचं काम केलं. हा अर्ज माझ्या टेबलावर आला असता तर दुसऱ्याच ओळीला मी लाल पेन उचललं असतं. "स्वयंपाकघरात होतं ते पीठ." कुठल्या भांड्यात होतं? "मिरवणुकीने रस्ता अडलेला." घरापासून दुकान कुठल्या बाजूला? नदीच्या की उलट्या?

उलट्या. तीन मिनिटांवर. उघडं होतं. मी खिडकीतून पाहिलं, दुकानदार पायरीवर पेपर वाचत बसला होता.

स्वयंपाकघरात दोन डबे होते. खालचा रोजच्या कणकेचा. तो मी उघडलाच नाही. वरच्या फळीवरचा पितळी डबा, झाकणावर हळदकुंकवाची पाच बोटं. मी तो खाली घेतला, आणि अंगठ्याने कुंकू पुसलं. मग झाकण उघडलं. या क्रमाने. आधी पुसलं.

कशासाठी, तेही लिहिते. शाळेत शनिवारी कॅथलिक मुली चॅपेलमध्ये पापांची कबुली द्यायला रांगेत उभ्या राहायच्या, आम्ही बाकीच्या बाहेर लगोरी खेळायचो. मला तेव्हा वाटायचं, यांचं बरं आहे. आता कळतं की बरं नव्हतं, आत गेल्यावर बोलावं लागायचं.

मला ते पीठ चाळीस परक्या बायकांच्या तोंडात घालायचं होतं. ज्यांना अक्का ओळखतही नाहीत अशा. आणि हेमांगीच्या. विशेषतः तिच्या. मंगळवारी डब्यावर तिचं नाव लिहिताना मला जे वाटत होतं त्याला मी मायेचं नाव दिलं होतं.

या रोटांवर माझा विश्वास नाही. मग कबूल काय करायचं? ज्यावर विश्वास नाही ते मोडलं असं कसं म्हणता येईल? सकाळपासून हे वाक्य तीन वेळा मनात तयार केलं. चांगलं वाक्य आहे. सारिकाला मात्र ते उपयोगाचं नाही.

१७ ऑगस्ट, शनिवार

भूपेंद्र काल संध्याकाळी मोटारसायकलवरून घसरला. मनगटाला प्लास्टर. खड्डा होता, पाणी भरलेलं, कुणीही पडलं असतं. हे मी अमृतला दोनदा सांगितलं. तो म्हणाला, "मी कुठे काय म्हटलं?"

अक्का म्हणाल्या म्हणे, पीठ उंबऱ्याबाहेर गेलं, आता बघा. आणि सारिका आज सकाळच्या एसटीने पिंपळनेरला गेली. राखीला जाते म्हणून सांगून. राखी सोमवारी आहे. भूपेंद्र म्हणाला, "आईने तिला अडवलं नाही, काकू. आणि तिने मला सांगितलं, वाट बघू नका." प्लास्टरच्या हाताने फोन धरून बोलत असावा, मध्येच पडला तो त्याच्या हातून.

नंतर मीच सारिकाला फोन लावला. मनात होतं की सांगून टाकावं. उचलल्यावर तिने विचारलं, "काकू, डिंपलमावशींकडे काड्या आवडल्या ना?" मी म्हटलं, हो, खूप. ती म्हणाली, "छान." तिच्याकडे कोंबड्या ओरडत होत्या. ती वाट बघत असल्यासारखी वाटली, पण कशाची? मी म्हटलं, भूपेंद्रच्या हाताची काळजी करू नकोस. ती म्हणाली, "बरं, काकू." आणि ठेवला.

अमृतला सगळं सांगितलं. पीठ, कुंकू, दुकान, हेमांगीचा डबा. तो टीव्ही बघत होता, त्याने तो बंद केला. मी म्हटलं, बोल काहीतरी. तो म्हणाला, "वहिनीला मी सांगू का?"

एवढ्या वर्षांत याने मला इतकं लागेल असं काही म्हटलं नव्हतं. मी म्हटलं, नको. उद्याची सकाळची गाडी बघ.

१८ ऑगस्ट, रविवार. धुळे

अक्का ओसरीवर मेथी निवडत होत्या. घरात दुसरं कुणी नव्हतं, भूपेंद्र औषधं आणायला गेलेला. अमृत बाहेरच रेंगाळला, त्याला कधी कुठे थांबायचं ते कळतं.

मी बसले. म्हटलं, "अक्का, पीठ मी घेतलं."

त्यांचे हात चालूच राहिले.

"सोमवारी. तुम्ही नदीवर होतात तेव्हा. चार वाट्या. काड्यांत घातलं."

"मैदा नही व्हता तुन्हाजोडे?"

"खराब झाला होता."

"खालना डबामा पीठ व्हतं."

"हो."

"दुकान चालू व्हतं?"

"चालू होतं."

आता त्यांनी जुडी खाली ठेवली. ऑफिसात मी असेच तीन प्रश्न विचारायची, आणि चौथ्याआधी थांबायची. समोरचा आपोआप बोलायचा. मी बोलले. हेमांगीला हाताला धरून आत नेलं तो दिवस, सहा वर्षं, सगळं. बोलताना माझा आवाज चढला. चूक माझी आणि आवाजही माझाच चढलेला. शेवटी म्हटलं, "मला तुमचा राग होता. म्हणून केलं. सारिकाने काही केलेलं नाही, तिच्या आईनेही नाही."

हेमांगीला डबा पाठवला ते सांगितलं नाही. तोंडाशी आलं होतं, परत गेलं.

अक्कांनी मेथीच्या काड्या एका बाजूला सारल्या. त्या मला ओरडतील म्हणून मी तयारीने आले होते, उत्तरंही तयार होती. त्या म्हणाल्या ते असं:

"तिन्ही माय गरीब शे. म्हनीसन माले तीच चोर दिखनी. तू दिखनी नहीस."

मी त्या स्वयंपाकघरात सबंध सकाळ एकटी होते, पीठ मळत होते, आणि घरातल्या कुणाच्याही मनात माझं नाव आलं नाही. मी जळगावची, पेन्शनवाली, इंग्रजी बोलणारी. मीही त्याच भरवशावर गप्प बसले होते.

"उद्या पुनव शे," अक्का म्हणाल्या. "सारिकाले लई ये. तूच जाय. भूपेंद्रले धाडू नको." मग थोड्या वेळाने, "आनि तिन्ही मायले सांग, म्हातारी म्हने, माले दिखनं नही."

१९ ऑगस्ट, सोमवार. नारळी पौर्णिमा

पहाटेची एसटी. राखीच्या गर्दीत साक्रीपर्यंत उभी होते. एका मुलीने जागा दिली तेव्हा नको म्हणायला हवं होतं, पण बसले. पिंपळनेरला उतरून विचारत विचारत घर गाठलं.

कुंदाबाईंनी मला बघून पदर सावरला, पाणी दिलं, चहा ठेवला. "बसा विहीणबाई, अचानक येणं केलं." सारिका आत भावाला ओवाळत होती. तिने मला पाहिलं आणि ओवाळणं पूर्ण केलं, मगच बाहेर आली.

मी कुंदाबाईंना सांगायला सुरुवात केली. पीठ मी घेतलं, आळ तुमच्यावर आला. त्या मध्येच म्हणाल्या, "हां, त्या पुडीचं का? तुम्ही दिली ती मी पिशवीत टाकली होती. तर ही पोरगी दारातच हात घालून काढून घेते. म्हटलं, काय गं, देणाऱ्याने दिलं, तू कोण काढणारी? तर म्हणे, माय, ते तुला चालत नाही. मला वाटलं, चीज का काय ते मला बाधेल म्हणत असेल."

मी सारिकाकडे पाहिलं.

"लाटताना कळलं, काकू," ती म्हणाली. "मैदा असा तांबूस नसतो. मग वर बघितलं तर झाकणावर बोटं नव्हती. आणि तुमच्या अंगठ्याला कुंकू होतं."

"मग तेव्हाच का बोलली नाहीस?"

"तुम्ही मोठ्या. तुम्हीच बोलाल असं वाटलं." तिने घोट घेतला. "मग आईंनी विचारलं, पिशवीत हात का घातला. खरं सांगितलं असतं तर तुमचं नाव घ्यावं लागलं असतं. खोटं मला पटकन सुचत नाही. शनिवारी तुमचा फोन आला तेव्हा वाटलं, आता सांगतील."

ओरडली असती तर बरं झालं असतं. मी चहाच्या कपाकडे बघत म्हटलं, "चुकले, सारिका." हे शब्द मी घरच्या कुणाला शेवटचे कधी म्हटले होते ते मला आठवेना. कुंदाबाईंपुढे हात जोडले, अक्कांचा निरोप जसाच्या तसा दिला. त्या म्हणाल्या, "म्हातारपणी दिसत नाही हो खरं." आणि माझ्यासमोर पोह्यांची बशी सरकवली.

सारिकाने आतून पुडी आणली. तशीच बांधलेली, बारा काड्या. "घरच्यांनीच संपवायच्या ना," ती म्हणाली. "म्हणून सांभाळून ठेवल्या. टाकताही येत नव्हत्या."

जिच्यावर पीठ बाहेर दिल्याचा आळ, त्या एकटीनेच ते बाहेर जाऊ दिलं नव्हतं.

२० ऑगस्ट, मंगळवार. धुळे

कालचं राहिलेलं लिहिते, एसटीत दमले होते.

संध्याकाळी धुळ्याला पोहोचलो. अक्का दारातच खुर्ची टाकून बसल्या होत्या. सारिकाने वाकून नमस्कार केला. अक्कांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो बराच वेळ उचलला नाही. बोलल्या एवढंच, "डबा वरे शे. तू काढ." सारिकाने डबा काढला, उरलेल्या पिठाच्या पुऱ्या केल्या. मग पुडी सोडली.

आठवडा होऊनही काड्या कुरकुरीत होत्या, एवढं मला दिसलं आणि लाजही वाटली की हे मला दिसलं. भूपेंद्रने डाव्या हाताने तीन संपवल्या. अमृतने तीन. सारिका नि मी दोन-दोन. अक्कांना दात नाहीत, त्यांनी काडी दुधात बुडवली, चीज लागलं तसं तोंड वेडंवाकडं केलं.

"खारी शे."

"त्यात चीज आहे, अक्का."

"देवीले हाऊ प्रकार काय समजनार," म्हणून दुसरी बुडवली. भूपेंद्र हसला. मनगट दुखलं म्हणून थांबला.

शेवटची काडी अक्कांच्या हातात होती तेव्हा त्यांनी विचारलं, "बठ्ठ्या इतल्याच का? बाकीन्या कोठे गयात?"

"शंभर डिंपलकडे," मी म्हटलं.

"आनि हेमांगीले?"

अमृत आपल्या ताटाकडे बघू लागला. मला कळलं की त्याने सांगितलेलं नाही, आणि हेही कळलं की याही वेळी मी नाही म्हणू शकते, आणि कुणालाही कळणार नाही.

"दिल्या," मी म्हटलं. "मुद्दाम दिल्या."

अक्कांनी काडी दुधातून वर काढली. टोकाचं दूध वाटीत टपकू दिलं.

"तिले आवडन्यात का?"

मंगळवारी डबा पाठवला, बुधवारी हेमांगीचा पोहोचल्याचा मेसेज आला, मी अंगठ्याचं चिन्ह पाठवलं. तिला आवडल्या का हे मी विचारलंच नव्हतं. तिच्या तोंडात ते पीठ गेलं एवढ्याशीच माझा संबंध होता.

"विचारलं नाही," मी म्हटलं.

"मंग इचार."

भूपेंद्रने फोन लावून मध्ये ठेवला, स्पीकरवर. आधी राखीचं बोलणं झालं. मग मी विचारलं. हेमांगी म्हणाली, "चांगल्या होत्या. मीठ थोडं जास्त झालं होतं, आई. आणि मोठ्या आई आहेत का तिथे? त्यांना म्हणावं, या वर्षी माझी पुरी राहिली."

"कसली पुरी?"

"अगं, माझी. रोटांच्या आधी त्या वेगळ्या पिठाची एक पुरी तळतात ना, गूळ घालून. देवीच्याही आधी. आतल्या खोलीत मला गरम गरम देतात आणि दार लावून घेतात, कुणी बघू नये म्हणून. तुला माहीत नव्हतं?"

पूजेच्या रविवारचं "मंग ते राहू दे" मला आत्ता ऐकू आलं.

अक्का फोनकडे तोंड करून म्हणाल्या, "तुले कणकण व्हती ना वं? बरी शे का?"

"कणकण? मला?" हेमांगी म्हणाली.

पुन्हा सगळे माझ्याकडे. "तेही मीच," मी म्हटलं. "मीच तिला येऊ नको म्हटलं."

अक्कांनी शेवटचा तुकडा खाल्ला, वाटीतलं दूध पिऊन टाकलं, आणि गुडघ्यावर हात टेकून उठायला लागल्या. सारिका धावली. "आई, बसा, काय हवं?"

"तेल ठेव," अक्का म्हणाल्या. "पोरनी पुरी राहेल शे. ज्योत्स्ना, पीठ काढ. खालना डबामाधलं."

मी खालचा डबा काढला. झाकणावर काहीच नव्हतं. तरी उघडण्याआधी तो त्यांच्यासमोर धरला.

"हाच ना, अक्का?"

"हाऊच," त्या म्हणाल्या.

पुरी फडक्यात बांधून माझ्या पिशवीत ठेवली आहे. आठची जळगाव गाडी, तिथून जामनेर. दुपारपर्यंत पोहोचेन.